पहिल्या मानाची लाल चिठ्ठी

लढाई थांबून चांगले दोन महिने उलटले आणि मग माडबागच्या दवाखान्यात लढाईच्या तयारीचं परिपत्रक येऊन पोचलं. निघालं होतं ते तोफा धडाडत असताना, सप्टेंबरात. पण मुंबईहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला आणि तिथून मालवणच्या दक्षिणेला खाडी आणि दर्या यांच्यामध्ये पडलेल्या आमच्या माडबागला यायचं म्हणजे शत्रूलासुद्धा तेवढा वेळ लागला असता.

डॉक्टर पुरुषोत्तम नाबरांनी ते उभ्यानेच वाचलं, कारण दवाखान्यातल्या एकुलत्या एका खुर्चीवर पेशंट बसला होता. किनाऱ्यावर बॉम्ब पडल्यास एकाच वेळी अनेक माणसे जखमी होतील, तरी प्रत्येक दवाखान्याने अशा प्रसंगाची तालीम करून ती अधिकाऱ्यांना दाखवावी, असा हुकूम होता. जखमी वीस, मृत पाच. माडबागच्या दवाखान्यात खाटा होत्या दोन. त्यातल्या एकीवर दुपारी कंपाउंडर गणपत झोपायचा आणि दुसरीवर कापसाचे गठ्ठे असायचे. वीस जखमी काय डोक्यावर ठेवायचे?

डॉक्टर कागद फेकूनच देणार होते. तेवढ्यात शेवटची ओळ दिसली. तालीम समाधानकारक पार पाडणाऱ्या दवाखान्यास रुग्णवाहिका देण्याचा विचार केला जाईल, असं तिथे लिहिलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? तर गेल्या पावसाळ्यात लवू तांडेलाच्या भावाला, शिवाला, फुरसं चावलं. डॉक्टरांकडचं सापाच्या विषावरचं औषध संपलेलं. मग त्याला खाटेवर घातला आणि चार जणांनी खांद्यावर घेऊन मालवणची वाट धरली. चिखल घोट्याच्या वर. डॉक्टर बाजूने त्याचा हात धरून चालत होते. अर्ध्या वाटेत तो हात थंड झाला. मागून शिवाची बायको चंद्रावती येत होती. तिने डॉक्टरांच्या तोंडाकडे बघितलं. तेव्हापासून डॉक्टरांनी गाडीसाठी अर्जांचा सपाटा लावला होता आणि सरकारने उत्तर न देण्याचा.

"विमल, गाडी मिळणार!" डॉक्टर घरी येऊन ओरडले.

विमलाबाईंनी हात पुसून कागद वाचला. "अहो, हंय 'विचार केला जाईल' असा लिवलेला आसा. विचारात बसान कोण मालवणाक जातलो?"

डॉक्टरांनी तिकडे दुर्लक्ष केलं. ते मूळचे सावंतवाडीचे. घरची भाषा मालवणीच, पण दवाखान्यात रुजू झाल्या दिवसापासून त्यांनी पुस्तकी मराठीचा वसा घेतला होता. डॉक्टरचा निम्मा दरारा भाषेत असतो असं त्यांचं मत होतं. उरलेला निम्मा त्यांच्या पांढऱ्या कोटात होता.

गाव गोळा करायचा तर दाजी गांवकरांना भेटायला हवं. दाजी म्हणजे गावचे पहिले मानकरी. ग्रामदेवी सातेरीच्या पालखीला पहिला खांदा त्यांचा, जत्रेत पहिला नारळ त्यांचा, प्रसाद पहिला त्यांच्या हातावर. सत्तरी उलटलेली, पण छाती पुढे काढून चालत. डॉक्टरांनी त्यांना परिपत्रक वाचून दाखवलं.

"डॉक्टरांनू, आमच्यार बॉम कित्याक टाकतीत?" दाजी म्हणाले. "आमचां कोणाशी वाकडां नाय. परबांशी आसा, पण तेंच्याकडे विमान खंय?"

"दाजी, टाकणार नाहीत. टाकला तर काय करायचं, त्याची तालीम आहे."

"तसा तर तसा. पण देवीक इचारूक व्हया."

"सरकारी काम आहे हो हे!"

"सरकार मुंबयक. गाव देवीचो."

झालं. कौल लावायला सगळा गाव देवळात जमला. गुरवाने देवीच्या अंगावर पाकळ्या लावल्या. तालीम करावी का, असं दाजींनी विचारलं. उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार. डॉक्टरांनी कपाळावरचा घाम पुसला. मग दाजींनी, डॉक्टरांनी न सांगताच, आणखी एक प्रश्न घातला. गावच्या माणसांनी मेल्याचं सोंग घेऊन पडावं का? पाकळी हलेना. बऱ्याच वेळाने पडली ती डावी.

"नाय म्हणता," दाजी म्हणाले.

"पण परिपत्रकात पाच मृत आहेत!"

"परिपत्रक देवीन वाचूक नाय. जितो माणूस मेल्यासारखो निजलो, तर तेका न्हेवक खराच कोणतरी येता. जखमी व्हये तितके घेवा. मेलेलो एकव गावाचो नाय."

डॉक्टर घरी येऊन जेवले नाहीत. विमलाबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि म्हणाल्या, "त्यात इतका काय? बायल नसली तर पूजेक सुपारी मांडतत ना? मेलेल्यांच्या जाग्यार नारळ मांडा."

"मी एल. सी. पी. एस. झालेला माणूस आहे, विमल!"

"मग तुमीच मरान पडा वाळूर," म्हणून त्या आत गेल्या.

डॉक्टर रात्रभर कूस बदलत राहिले आणि सकाळी गणपतला पाच नारळ आणायला पाठवून मोकळे झाले. गणपतने त्यांच्या शेंड्यांना परिपत्रकाप्रमाणे मृतांच्या काळ्या चिठ्ठ्या बांधल्या आणि ते नारळ सोवळ्याने नेऊन डॉक्टरांच्याच स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवले.

जखमींच्या चिठ्ठ्यांचं प्रकरण याहून वाईट. ते समजावून सांगायला डॉक्टरांनी सभा घेतली आणि आयुष्यात पुन्हा सभा घेणार नाही अशी शपथही तिथेच घेतली.

"ज्याच्या गळ्यात लाल चिठ्ठी, त्याला पहिल्यांदा उचलायचं," डॉक्टर म्हणाले. "मग पिवळीवाला. हिरवीवाल्याचं दुखणं किरकोळ. त्याच्याकडे सगळ्यांच्या शेवटी बघायचं."

दाजींनी घसा खाकरला. "म्हणजे लाल चिठ्ठी, ती पयलो मान."

"मान नाही हो दाजी. ज्याची जखम मोठी त्याला..."

"समाजला माका. पयलो उचलतले तो पयलो मान. पालखेक पयलो खांदो आमचो. मगे बॉमाचो पयलो जखमी दुसरो कोण कसो होतलो?"

बाबू परब तटकन उठले. परब म्हणजे दुसरे मानकरी, आणि गांवकरांशी त्यांचा दावा आजोबांच्या वेळेपासून चाललेला. "देवळाच्या आवारात मान तुमचो. आवाराभायर आमचो. कोर्टाचो निकाल आसा माझ्या पेटयेत. बॉम काय देवळात पडतलो?"

"खंय पडतलो मगे?" सभेच्या शेवटाकडून लवू तांडेल म्हणाला. रापणीच्या जाळ्याचा दोर त्याच्या हुकमाशिवाय हलत नसे, असा गडी. "वाळूर पडतलो ना? वाळू आमची. आमच्या वाळूर पडलेल्या बॉमाचो मान गांवकर आणि परब घेतले, आणि आमी काय फकस्त मराचा?"

डॉक्टरांनी तिघांनाही लाल चिठ्ठ्या देऊन टाकल्या. हीच त्यांची चूक. दाजींना लाल मिळाली म्हटल्यावर दाजींच्या चुलत भावाने पिवळी परत केली. ती घेऊन सोयऱ्यांत तोंड कसं दाखवायचं, असा त्याचा सवाल होता. मग परबांच्या भावकीचा रुसवा निघाला. मग तांडेलांच्या वाडीचा. तालमीच्या दिवसापर्यंत विसाच्या वीस जखमी लाल झाले होते. हिरव्या चिठ्ठ्यांना कोणी हात लावला नाही. त्यांतल्या बऱ्याचशा गणपतने औषधाच्या बाटल्यांना बुचं बसवायला वापरल्या आणि एक डॉक्टरांच्या कोटाच्या खिशात राहिली.

"या गावावर बॉम्ब टाकायला शत्रू कशाला हवाय?" डॉक्टर घरी येऊन म्हणाले. "मलाच एखादा मिळाला तर बघा!"

सल्ले तर विचारूच नका. शाळामास्तर म्हणाले, रक्तासाठी लाल शाई वापरा, फक्त शाळेची मागू नका. पोस्टमास्तर म्हणाले, लाख वितळवून अंगावर ओता, अगदी हुबेहूब दिसतं. माणूस ओरडतोही हुबेहूब, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा त्यांना राग आला. शेवटी विमलाबाईंनी आगळाची बरणी काढून दिली. कोकमाचं आगळ, गडद लाल, घट्ट. रक्ताचा प्रश्न सुटला. मुंग्यांचा कोणाच्या डोक्यातच आला नाही.

बॉम्बच्या आवाजासाठी देवळातली गरनाळ उडवायची ठरली. जत्रेला दारू ठासून उडवतात ती. त्यालाही देवीचा कौल मिळाला. देवीला आवाजाचं वावडं नाही, असं गुरव म्हणाला.

ठरल्या दिवशी सकाळी येणारे टेंबेसाहेब भर दुपारी आले. नागरी सिद्धता अधिकारी अशी त्यांची पदवी. घाटावरचे, किडकिडीत, वक्तशीरपणावर बोलत जीपमधून उतरले. त्यांच्याबरोबर ड्रायव्हर, शिपाई, कारकून आणि वाटेत उगाच चढलेले दोघे.

"आधी तालीम," साहेब म्हणाले.

"साहेब, आदी जेवण," दाजी म्हणाले. "उपाशी पावण्यार बॉम टाकल्यानी, असा आमच्या गावाक बोल लागूक नको."

साहेबांना आमटी आवडली. सोलकढी तर इतकी आवडली की तिसरी वाटी मागून घेतली. जेवण डॉक्टरांच्याच घरी, डॉक्टर वाढायला उभे होते. आज सगळं नीट होणार असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं, आणि तसं वाटलं हेच त्यांचं चुकलं.

किनाऱ्यावर साहेबांसाठी मचाण केलं होतं. माडाच्या ओंडक्यांवर होडीच्या जुन्या फळ्या, वर झावळ्यांच्या झापांचा मांडव. खाली सावलीला मासळीच्या टोपल्या घेऊन चंद्रावती आणि दोघीचौघी बसल्या होत्या. वीस जखमी वाळूत पडले होते. साहेबांना जेवू घालून आत्ताच येऊन पडलेले दाजी सोडले, तर बाकीचे सकाळपासून पडले होते. आगळावर मुंग्या आणि माश्या जमल्या होत्या आणि जखमी कोणी न सांगता तळमळत होते. साहेबांनी मान डोलावली.

गरनाळ उडाली. आता, आमच्या गावात गरनाळ उडाली म्हणजे पालखी निघाली. गेली कित्येक शतकं तिचा दुसरा अर्थ नाही. वाडीवाडीतल्या बायका ओटीची ताटं घेऊन देवळाकडे धावत सुटल्या. पालखी दिसेना तेव्हा त्या किनाऱ्यावर आल्या. कोणीतरी ढोलही आणला.

"या बायका कोण?" साहेबांनी विचारलं.

"स्वयंसेविका," डॉक्टर म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, कान लाल झाले.

साहेबांनी हातातल्या यादीवर बोट ठेवलं. "जखमी वीस, बरोबर. पाच मृत कुठे आहेत?"

डॉक्टरांनी गणपतकडे बघितलं. गणपतने समुद्राकडे बघितलं. मृत सकाळीच आणून वाळूत मांडायचे होते.

"गणपत, मृत कुठे आहेत?"

"सोलकढीत गेले, डॉक्टर."

"काय?"

"बाईंनी किसल्यानी. साहेबांच्या वांगडा पाच माणसां वाढली, घरात दुसरो नारळ नाय. मी म्हटलंय, बाईनू, ही मेलेली माणसां आसत. तर म्हणाल्यो, मेल्यांसाठी जितो माणूस उपाशी ठेवू?"

साहेबांना सगळं समजावून सांगावं लागलं. सुपारीपासून. साहेबांचा हात हळूहळू पोटावर गेला. त्यांनी खाली पडलेल्या लालभडक जखमींकडे बघितलं, नाक वर करून वास घेतला आणि बारीक आवाजात विचारलं, "आणि ते... रक्त?"

"तांय थंयच," गणपत म्हणाला. उत्तरं द्यायची त्याला भारी हौस.

डॉक्टरांना वाटलं, वाळू दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं होईल. वाळूचा तसा काही विचार दिसला नाही. "पुढे चालू करा," साहेब म्हणाले.

स्ट्रेचर दोनच होते, बांबूचे आणि गोणपाटाचे. ते धरायला रापणीचे गडी. गडी कोणाचे? लवूचे. त्यांनी सरळ जाऊन लवूला उचलला. तोच मरणाच्या दारात पडलेले दाजी ताडकन उठून बसले. "रव रे! पयलो खांदो कोणाचो?" ते पाहून बाबू परबही उठले. म्हातारा कोर्टाचा निकाल कमरेला बांधून आला होता. मग वीसच्या वीस जखमी उठले.

"जखमींनी झोपून राहावे!" साहेब मचाणावरून ओरडले. "शिस्त! शिस्त!"

दाजींना साहेबांची कीव आली. परमुलखातला माणूस, त्याला मान काय कळणार? समजावून सांगायला म्हणून ते मचाणावर चढले. दाजी साहेबांच्या कानाशी एकटे बोलणार म्हटल्यावर परब कसे राहतील? तेही चढले. लवूने स्ट्रेचरवरून उडी मारली आणि तोही चढला. त्यांच्यामागून तिघांची भावकी. डॉक्टर खालून बोंबलत होते, "उतरा! फळ्या जुन्या आहेत! अहो उतरा!" पण पुस्तकी मराठीतली हाक तिथे कोणाला ऐकू जातेय!

आधी एक ओंडका कलला. मग कडाड् असा आवाज झाला, गरनाळीपेक्षा मोठा, आणि मांडव, फळ्या, साहेब, मानकरी, सगळं एकदम वाळूत आलं.

मग किंकाळ्या. इतका वेळ खोटं विव्हळणारे आता खरं विव्हळत होते आणि ऐकणाऱ्याला त्यातला फरक कळत नव्हता. सगळे लाल. दाजी लाल, परब लाल, ज्यांना खरचटलंही नव्हतं ते लाल. डॉक्टर धावले. एकाच्या छातीवर हात ठेवला तर आगळ. दुसऱ्याच्या डोक्याला हात लावला तर आगळ. तिसऱ्याने स्वतःच सांगितलं, "माका काय झाला नाय, पण लाल चिठ्ठी माझी आसा."

तेव्हा नाबर डॉक्टरांचं डोकं फिरलं. इतक्या वर्षांची पुस्तकी मराठी एका क्षणात पार गेली.

"शिरा पडली तुमच्या चिठयेर!" ते असे ओरडले की ढोलवाला ढोल टाकून मागे सरला. "आयकलास? वास घेवा! गणपत, एकेकाचो वास घे! आंबट वास येता तो माणूस बाजूक काढा! वास येना नाय तेका हात लावा नको, माका बोलवा!"

आणि गावाने ऐकलं. बायकांनी ओटीची ताटं खाली ठेवली आणि माणसांची अंगं हुंगायला सुरुवात केली. "आंबट!" "ह्योव आंबट!" "हेका काय एक झाला नाय, उठ मेल्या!" बघता बघता गर्दी पातळ झाली. दाजींच्या कपाळावर खरी खोक होती. परबांचा हात मोडला होता. टेंबेसाहेब नडगी धरून पडले होते, तोंड पांढरंफटक. आणि मग फळ्या उचलून खाली बघणाऱ्या विमलाबाईंची हाक आली. "अहो! हंय आंबट वास नाय! धावा!"

चंद्रावती होती. तालमीत तिचं नावगाव काही नव्हतं, बिचारी सावलीला बसली होती. फळीचा मोठा खिळा तिच्या दंडातून फाडत गेला होता आणि रक्त कारंज्यासारखं उडत होतं. डॉक्टरांनी कोट काढला, फाडला, दंड आवळला, वरून मूठ दाबून धरली. "हिका मालवणाक न्हेवक व्हयी. आत्ताच. जीप आणा!"

"ती माझी जीप आहे," साहेब कण्हत म्हणाले. "माझा पाय मोडलाय. आधी मी..."

"माका चक्कर येता," परब म्हणाले. "आवाराभायर..."

गाव घुटमळला. आता तुम्हाला खरं सांगू? कोणी वाईट नव्हतं. पण दाजी तिथे रक्ताळून बसलेले, गळ्यात लाल चिठ्ठी, आणि त्यांच्या आधी एका मासेवालीला उचलायचं, हे कोणाच्या हाताला जमेना. रापणीचे गडी तर तिची स्वतःची माणसं, पण खाली वाकून तशीच थांबली होती. डॉक्टरांच्या मुठीखालून रक्त येतच होतं. शिवाचा थंड झालेला हात त्यांना आठवला. हीसुद्धा त्याच वाटेवर जाणार, आणि आपण याच गावात असेच उभे राहणार. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"दाजी," ते म्हणाले, "पाया पडतंय तुमच्या. हिचो घोव माझ्या हातात गेलो. हिका तरी जावंक देवा."

दाजींनी डोळ्यांवर आलेलं रक्त पुसलं. ते उठले, झोकांडी देत आले आणि गळ्यातली लाल चिठ्ठी काढून त्यांनी चंद्रावतीच्या गळ्यात घातली.

"पयलो मान आमचो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तो आमचो आसा म्हणान आमी कोणाकव देव शकतंव. मी तो आज हिका दिलंय. उचला!"

एका क्षणात चंद्रावती जीपमध्ये होती. परब मागे कसे राहतील? "दुसरो मान माझो, तो मी दाजीक दिलंय!" ते ओरडले. डोक्याचा मार वाईट, म्हणून दाजींना खरंच पुढच्या सीटवर बसवलं. आजोबांच्या वेळेपासूनचा दावा असा वाळूत मिटला. पुढे पंधरा दिवसांनी तो पुन्हा सुरू झाला, पण ते असो. तिसरा मान लवूने परबांना दिला आणि त्यांनाही मागे चढवलं. डॉक्टर चंद्रावतीचा दंड दाबून मध्ये बसले. जीप भरली.

"आणि मी?" टेंबेसाहेबांनी विचारलं.

लवूने गणपतकडे बघितलं. "साहेबांचो मान खंय?"

"साहेब पावणे," गणपत म्हणाला. "पावण्याचो मान जेवणात. तो झालो."

डॉक्टरांच्या वाळूत राहिलेल्या फाटक्या कोटाच्या खिशातून हिरवी चिठ्ठी डोकावत होती. विमलाबाईंनी ती काढून साहेबांच्या गळ्यात बांधली, तोंडावर थोडं पाणी मारलं आणि आणखी सोलकढी हवी का विचारलं. साहेब नको म्हणाले.

साहेबांना मालवणला नेलं ते खाटेवरून. चौघांच्या खांद्यावर, त्याच शिवाच्या वाटेने. खड्ड्यागणिक साहेब ओरडत होते. वाटेतल्या वाड्यांतून माणसं बाहेर येत, टोपी काढून हात जोडत आणि बाजूला होत. एका म्हाताऱ्याने जवळ येऊन हळहळत विचारलं, "कधी गेले?" तेव्हा साहेबांनी खाटेवर उठून बसायचा प्रयत्न केला आणि म्हातारा धोतर सावरत माडांतून पळत सुटला. परिपत्रकातल्या पाचांपैकी एक तरी मृत असा कसाबसा भरला.

चंद्रावती जगली. हात थोडा वाकडा राहिला, पण टोपली उचलते. डॉक्टर मात्र त्या दिवसापासून गाडीचं नाव काढेनात. मृत खाल्लेले, जखमी मारामारी करणारे, अधिकारी खाटेवर. असल्या तालमीला कोण समाधानकारक म्हणणार? पोस्टमास्तर म्हणाले, लाख वापरली असती तर हे झालं नसतं.

आणि शिमगा होतो न होतो तोच गाडी आली. पांढरी, बाजूला तांबडा क्रूस. साहेबांनी वर काय कळवलं ते देव जाणे. ड्रायव्हर एवढंच म्हणाला, साहेब अजून काठी घेऊन चालतात आणि म्हणतात, त्या वाटेवरून पुन्हा कोणाला खाटेवरून नेऊ नका.

डॉक्टरांना रडू आणि हसू एकदमच आलं. पण गाव जमला आणि नवीन पंचाईत उभी राहिली. गाडीत पहिल्यांदा झोपायचं कोणी? दाजी ठणठणीत. दाजींच्या आधी आजारी पडायची कोणाची छाती नाही. गुरवाने कौल लावायची तयारी केली तेव्हा डॉक्टर किंचाळले, "नको! कौल नको!"

"तुमचां खरां," दाजी म्हणाले. "इचारूचा काय त्यात? पयलो मान डॉक्टरांचो."

डॉक्टर नको नको म्हणेपर्यंत त्यांच्या गळ्यात अबोलीचा हार पडला, लवूच्या गड्यांनी त्यांना उचललं आणि नव्या कोऱ्या स्ट्रेचरवर आडवं केलं. नवा पांढरा कोट चुरगळला. शाळेची पोरं खिडकीतून बघून फिदीफिदी हसत होती. "अरे मी डॉक्टर आहे! मला उठू द्या!" ते म्हणत होते.

"गप निजा, डॉक्टरांनू," चंद्रावती म्हणाली. ती गाडीच्या दाराशी उभी होती. वाकड्या हाताने तिने स्ट्रेचरची लोखंडी दांडी चाचपली. "हीच गाडी व्हयी होती तेंका," ती म्हणाली, आणि तिने पदर तोंडाला लावला. डॉक्टरांनी उठायची धडपड सोडली.

दाजींनी गाडीसमोर नारळ ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवी सातेरी माये! आज ह्या डॉक्टरान जीवाचा रान करून ही जी काय गाडी आणल्यान हा..."

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

"ती हंय आमच्या दारात अशीच उभी रवांदे! तिचां चाक हलाची पाळी येव नये! हेच्यात निजान जावची येळ तुझ्या लेकरांतल्या एकावरव आणू नको गो माये!"

"व्हय म्हाराजा!"

डॉक्टरांना भयंकर संताप आला. त्या गाडीसाठी आपण काय काय केलं! अर्ज केले, सभा घेतल्या, नारळांना चिठ्ठ्या बांधल्या, साहेबाला मेलेली माणसं पाजली. आणि हा गाव देवीकडे मागतोय काय, तर ती गाडी जागच्या जागी गंजून जाऊ दे! उठून चार शब्द सुनवावेत म्हणून त्यांनी मान वर केली. दारात चंद्रावतीने दोन्ही हात जोडले होते, एक सरळ, एक वाकडा, आणि डोळे घट्ट मिटले होते.

डॉक्टर पुन्हा आडवे झाले. हाराखाली, छातीवर त्यांचे हात आपोआप जुळले.

"व्हय म्हाराजा," ते म्हणाले, आणि गावापेक्षा मोठ्याने म्हणाले.